तूस, अळूचे पान आणि पश्चिमेची भिंत

विसरवाडीच्या पावसाची गोष्ट परगावच्या मनुष्यास सांगू लागलो म्हणजे तो बहुधा हसतो. खानदेश म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे कापसाची काळी राने आणि डोके तापविणारे ऊन उभे राहते. परंतु आमचा नवापूर तालुका नावाने खानदेशात असला तरी पावसाच्या बाबतीत तो डांगाचा सख्खा शेजारी होय. सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचे गाव वसले आहे, आणि त्याच वाटेने, मोटारींच्या मागोमाग म्हणावे तसे, ढगही येतात. मृग लागला की भाताची रोपे टाकतात, आषाढात चिखलणी व लावणी होते, आणि तेव्हापासून भाद्रपद सरेपर्यंत घराची पश्चिमेकडील भिंत काही कोरडी होत नाही. आज जी हकीकत सांगावयाची आहे, तिचे मूळ ह्या पश्चिमेच्या भिंतीत आहे.

आमचे घर जुन्या चालीचे. सागाच्या खांबांवर आढे, वर कौले, आणि खांबांच्या मध्ये बांबूचा कूड विणून त्यास दोन्ही अंगांनी माती थापलेली. ही माती नुसती नसते. तीत शेण व भाताचे तूस घालून ती पायांनी तुडवितात, काही दिवस मुरत ठेवतात, आणि मग हाताने लिंपतात. पाऊस संपला की भिंतीचा कोणता भाग गेला हे पाहावयाचे, आणि पुढील पावसापूर्वी तो भरून काढावयाचा, हा आमच्या आईचा अनेक वर्षांचा नेम. सन २०१८ च्या ऑगस्टात रंगावलीच्या पुराने नवापुरात हाहाकार उडविला, त्या सालीही ही भिंत उभी राहिली होती. तिची किंमत आम्हांस कळली ती मात्र पुढे, आणि ती कळावी म्हणून आम्हांस दिवाळीपर्यंतच्या भातास मुकावे लागले.

झाले ते असे. एका उन्हाळ्यात आम्ही शहरातून येताना रंगाच्या दुकानातून एक मोठा डबा आणला. डब्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत असल्याचे सुरेख चित्र होते, आणि मोठ्या अक्षरांत 'नॅनो' हा शब्द छापलेला होता. ऊन लागू नये, पाणी लागू नये, आणि दहा वर्षे पाहावे लागू नये, असा त्या चित्राचा एकंदर अर्थ आम्ही लाविला. आईचे वय झाले आहे. माती तुडविण्याचे कष्ट तिने आता करू नयेत, हा आमचा हेतू होता, व तो वाईट नव्हता. आईने डबा पाहिला, झाकण उघडून वास घेतला, आणि म्हणाली, "अरे, भिंतीला घाम येतो. तू तिचे तोंड बांधशील तर तो जाईल कोठे?" आम्ही शिकलेले, आम्ही हसलो. बाहेरून दोन हात दिले, आणि रंग उरला म्हणून आतूनही एक हात दिला. भिंत काचेसारखी तुळतुळीत झाली. शेजारीपाजारी पाहावयास आले. एकाने तांब्याभर पाणी मारून पाहिले, ते सर्व ओघळून खाली गेले, आणि आम्हांस मोठी धन्यता वाटली. खाली गेलेले पाणी कोठे गेले, ह्याचा विचार त्या दिवशी कोणीच केला नाही.

तो विचार श्रावणातल्या पावसाने केला. कौलांच्या वळचणीचे पाणी जोत्याच्या पायाशी साचू लागले. ते मातीतून हळूहळू वर चढले, जसे कंदिलाच्या वातीतून तेल चढते तसे. पूर्वी असेच चढे, परंतु दुपारी दोन घटका उघडीप मिळाली की भिंतीच्या अंगातून वाफ होऊन निघून जाई. आता दोन्ही बाजूंस रंगाचा पापुद्रा होता. पाण्यास आत येण्यास जमिनीतून वाट होती, बाहेर जाण्यास मात्र कोठेच नव्हती. प्रथम रंगास लहान फोड आले. मग भिंतीस पोट सुटले. आणि एका रात्री कुडावरून मातीचा मोठा थर सुटून आतल्या अंगास कोसळला. भिंतीशी कणगी होती. तीत दिवाळीपर्यंत पुरावयाचे सुमारे दोन पोती भात होते. कणगी आडवी झाली, फुटलेल्या भिंतीतून रात्रभर पाऊस आत आला, आणि सकाळी पाहतो तो चिखलात भात. जे वाचविले ते पडवीत पसरले, पण ऊन नसल्यामुळे तिसऱ्या दिवशी त्यास कोंब फुटले. आई त्या कुडाच्या खाली अंथरूण घालीत नसे, ती चुलीजवळ निजे, एवढी ईश्वराची कृपा. तिने आम्हांस एक शब्द बोलून दाखविला नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

रविवारच्या शाळेत वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला आम्ही लहानपणी पाठ केला होता. पुढे जेव्हा त्या डब्यात काय होते हे कळले, तेव्हा तो दाखला आठवून आम्हांस हसूही आले व लाजही वाटली. कारण आम्ही वाळूवर घर बांधले नव्हते, तर घरावर वाळू फासली होती. डब्यातल्या त्या 'नॅनो' शब्दाचा अर्थ मुख्यतः वाळू हाच होता.

ही गोष्ट आम्हांस आमच्या एका माजी विद्यार्थ्याने समजावून दिली. तो सध्या रसायनशास्त्राचा अभ्यास करीत आहे. सुटीत भेटावयास आला असता आम्ही रागाने डबा त्याच्यापुढे ठेविला. त्याने तो फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली आणि नम्रतेने म्हणाला, "सर, डब्याचा दोष नाही. हा लेप सिमेंटच्या सुक्या गिलाव्यावर द्यावयाचा आहे, असे येथे लिहिले आहे. आपण पुढचे चित्र पाहिलेत, मागचा मजकूर वाचला नाहीत." ज्याच्या उत्तरपत्रिकेवर 'प्रश्न नीट वाचावा' असा शेरा आम्हीच कितीदा लिहिला असेल, त्याच्याकडून हे ऐकावे लागले! मग त्याने त्या डब्याचे शास्त्र सांगितले, आणि ते इतके मनोरंजक निघाले की आमचा राग कोठल्या कोठे गेला. विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही ते उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

लाख, राळ, रबर, प्लॅस्टिक, रंगाचा पापुद्रा, हे सारे पदार्थ ज्यांचे बनलेले असतात त्यांस पॉलिमर अथवा बहुवारिक म्हणतात. त्यांचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात, ही कल्पना स्टाउडिंगर ह्या जर्मन रसायनवेत्त्याने सन १९२० मध्ये मांडिली, तेव्हा पुष्कळ विद्वानांस ती पटली नव्हती. शिजविलेल्या शेवयांचा गुंता डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे पॉलिमरची कल्पना येते. थंड असता शेवया एकमेकींस धरून राहतात. उष्णता लागली की त्या सरकू लागतात, पदार्थ मऊ पडतो, आणि उष्णता फार झाली की साखळ्याच तुटून जळतात. बहुतेक प्लॅस्टिके तीनचारशे अंशांच्या आतबाहेर नष्ट होऊ लागतात. ह्याच्या उलट वाळूचे द्रव्य, ज्यास सिलिका म्हणतात, ते सतराशे अंशांच्या सुमारास वितळते. तेव्हा नरम पण चिवट अशा पॉलिमरात कठीण पण ठिसूळ अशी सिलिका मिसळावी आणि दोहोंचे गुण एकत्र करावे, हा विचार साहजिकच मनात येतो. आमची आई मातीत तूस मिसळते, ते ह्याहून फारसे निराळे नाही.

मात्र नदीची वाळू रबरात घातली तर रबर सुधारत नाही, बिघडते. कण अतिशय बारीक हवेत. नॅनो म्हणजे मीटरचा एक अब्जांश, आणि हे कण दहावीस नॅनोमीटरांचे असतात. इतके बारीक करून काय मिळते, हे एका हिशेबाने कळेल. एक ग्रॅम सिलिकेचा एकच घन तुकडा घेतला तर त्याची बाजू पाऊण सेंटीमीटरच्या किंचित वर भरते, आणि सर्व बाजूंचे क्षेत्रफळ मिळून पोस्टाच्या तिकिटाएवढेही होत नाही. तीच एक ग्रॅम सिलिका अत्यंत बारीक भुकटीच्या रूपात घेतली तर तिच्या कणांच्या पृष्ठांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे दोनशे चौरस मीटर असते. आमच्या शेतकरी वाचकांच्या भाषेत सांगावयाचे तर जवळजवळ दोन गुंठे जमीन! चिमूटभर भुकटीत दोन गुंठे. त्या एवढ्या जागेवर पॉलिमरच्या साखळ्या चिकटून बसतात, त्यांस सहजासहजी सरकता येत नाही, आणि म्हणून पदार्थ ऊन सोसतो. आग लागलीच तर पॉलिमर जळून वर सिलिकेचा थर शिल्लक उरतो, आणि तो आतल्या भागास ढालीसारखा होतो.

ही भुकटी सन १९४२ च्या सुमारास जर्मनीत हॅरी क्लोप्फर ह्या गृहस्थाने तयार केली. रबरात त्या काळी काजळी घालीत, आणि तिच्या जागी काही पांढरे द्रव्य मिळावे असा शोध चालला होता. म्हणून हिला 'पांढरी काजळी' असेही म्हणत. मोटारीच्या धावेत सिलिका मिसळण्याची चाल सन १९९२ पासून फ्रान्समधील मिशलिन कंपनीने रूढ केली, आणि ओल्या रस्त्यावर अशा धावा कमी घसरतात. परंतु भुकटी मिसळणे हीच मोठी कसरत आहे. पिठले करताना बेसन नीट कालविले नाही तर गुठळ्या होतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. सिलिकेचे कणही एकमेकांस धरून असेच गोळे करतात, आणि गोळे झाले की त्या दोन गुंठ्यांचा काही उपयोग राहत नाही. ह्या शास्त्रातील निम्मे कष्ट पिठल्यातील गुठळ्या मोडण्याचेच आहेत, असे आमचा विद्यार्थी म्हणाला.

हे झाले उष्णतेचे. आता पाण्याचे. येथे एक गंमत आहे. मूळची सिलिका पाण्याची शत्रू नसून मैत्रीण आहे. तिच्या पृष्ठावर ऑक्सिजन व हायड्रोजन ह्यांच्या जोड्या असतात, त्या पाण्यास ओढून घेतात. नव्या पेटीत अथवा औषधाच्या बाटलीत ओल शोषण्यासाठी दाण्यांची जी लहानशी पुडी ठेवितात, ती सिलिकाच होय. मग तीच पाणी झिडकारणारी कशी होते? रसायनवेत्ते त्या जोड्यांच्या जागी कार्बन व हायड्रोजन ह्यांचे मेथिल नावाचे लहान गट बसवितात. हे गट तेलासारख्या स्वभावाचे असल्यामुळे पाणी त्यांच्याशी सलगी करीत नाही. उष्णता फार लागली तर मेथिल गट जळून जातात आणि सिलिका पुन्हा पाण्यास आपलीशी करते. एकाच वेळी उष्णतेस व पाण्यास तोंड देणे म्हणूनच अवघड आहे.

तथापि केवळ स्वभावाने भागत नाही. पृष्ठ खडबडीतही असावे लागते. ह्याचे उत्तम उदाहरण आमच्या मोरीमागे उगवलेले आहे. अळवावरचे पाणी ही म्हण मराठीत क्षणभंगुरतेसाठी वापरतात, पण अळवावर पाणी का ठरत नाही, हे विचारणारे थोडेच. जर्मनीतील बार्टलॉट व नाइनहाउस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सन १९९७ मध्ये कमळाच्या पानाचे रहस्य सविस्तर प्रसिद्ध केले. अळूचे पानही त्याच जातीचे. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, आणि त्यांवर मेणाचे त्याहून सूक्ष्म स्फटिक. थेंब पडला म्हणजे तो उंचवट्यांच्या टोकांवर राहतो, आणि खाली हवा कोंडलेली असते. जणू तो थेंब पानावर नव्हे, हवेच्या गादीवर बसतो. पानास जरा तिरपे केले की तो गोळीसारखा पळतो आणि जाताना धूळही गोळा करून नेतो. नॅनो सिलिका घातलेल्या लेपात तेच उंचवटे कृत्रिम रीतीने केलेले असतात.

विद्यार्थ्यांनी दोन प्रयोग अवश्य करावे. अळूचे ताजे पान घ्यावे, त्याचा एक कोपरा अंगठ्याने घासावा, आणि सर्व पानावर पाणी शिंपडावे. घासलेल्या जागी पाणी पसरते, इतरत्र घरंगळते. ह्यावरून ह्या करामतीचे मर्मस्थानही कळते: ती घासण्यास भिते. दुसरा प्रयोग वडील मनुष्यास जवळ बसवून करावा. मेणबत्तीच्या ज्योतीवर काचेचा तुकडा चिमट्याने धरून त्यावर काजळी धरावी, काच पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि वर पाण्याचा थेंब सोडावा. थेंब पाऱ्यासारखा पळेल. पण बोट लाविले की काजळी बोटास येते, म्हणून असला लेप कोणाच्या कामाचा नाही. सन २०१२ मध्ये माइन्झ येथील मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी ह्याच काजळीवर सिलिकेचे पातळ कवच चढविले, सहाशे अंशांवर तापवून आतील काजळी जाळून टाकिली, आणि उरलेल्या पोकळ जाळीस पाणी झिडकारणारे गट लाविले. तिच्यावर पाणी तर ठरेनाच, पण तेलही ठरेना! देवघरातल्या वा चुलीवरच्या काजळीकडे आम्ही तेव्हापासून आदराने पाहू लागलो.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या विषयात मोलाचे काम झाले आहे, आणि ते मोठ्या शहरात नव्हे, कोल्हापुरात. तेथील शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात 'एअर ग्लास लॅबोरेटरी' नावाची प्रयोगशाळा प्राध्यापक ए. वेंकटेश्वर राव ह्यांनी नावारूपास आणिली. सिलिकेचा असा फेस करावयाचा की त्यात बहुतेक हवाच असावी, ही युक्ती मूळ अमेरिकेतील किस्लर ह्याची, सन १९३१ ची. पण तो फेस ठिसूळ असे, बोटाखाली चुरा होई. कोल्हापूरकरांनी मेथिल गट अगोदरच जोडलेले द्रव्य घेऊन असा फेस तयार केला की तो रबरासारखा वाकतो, आणि त्यावर पाण्याचा थेंब १६४ अंशांचा कोन करून उभा राहतो. हे काम सन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ९० अंशांच्या पुढे पदार्थ पाण्यास विन्मुख समजतात, १५० च्या पुढे अत्यंत विन्मुख. पूर्ण गोल थेंबाचा कोन १८० असतो, ह्यावरून १६४ म्हणजे काय हे वाचकांनी ताडावे. सांगली जिल्ह्यातील दुष्काळी जत गावच्या राजे रामराव महाविद्यालयातही पॉलिमरात सिलिका घालून पाणी न धरणारे लेप करण्यावर काम झालेले आहे. जेथे पिण्यास पाण्याची वाण, तेथे पाणी झिडकारणारे लेप निघावे, ही एक मौजच.

आमच्या गावाच्या माथ्यावरूनही ह्या शास्त्राची तार जाते असे म्हटले तरी चालेल. विजेच्या मनोऱ्यांवर तारा टांगण्यासाठी पूर्वी चिनी मातीच्या बशांच्या माळा लावीत. आता पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी सिलिकोन नावाच्या रबराच्या चकत्यांचे दांडे दिसतात. नुसते सिलिकोन रबर इतके दुबळे असते की नखाने फाटते. सिलिकेची बारीक भुकटी मिसळली म्हणजे त्याची ताकद दसपटीने व कधी त्याहून अधिक वाढते. पावसात चिनी मातीवर पाण्याचा सलग थर होतो आणि त्यातून वीज निसटू पाहते. सिलिकोनवर पाणी थेंबाथेंबाने निराळे राहते, म्हणून विजेस वाट मिळत नाही. आणखी आश्चर्य असे की त्यावर धूळ बसली तर आतील काही लहान रेणू धुळीतून वर झिरपतात, व धूळही पाणी झिडकारू लागते. भर पावसाळ्यात दिवा लागतो तेव्हा त्याचे थोडे श्रेय ह्या रबरास द्यावे.

पण आमच्या मनास सर्वांत अधिक लागली ती गोष्ट वेगळीच. ही सिलिका मिळविण्यास लोक वाळू वितळवितात, मोठ्या भट्ट्या पेटवितात. आणि आमच्या गावी ती गिरणीच्या मागे ढिगांनी पडलेली असते! भाताचे रोप जमिनीतील पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषून घेते आणि ती दाण्याच्या कवचात साठविते. हात चोळला असता तूस जे खरखरते, ते तिच्यामुळे. शंभर किलो भात कांडले तर सुमारे वीस किलो तूस निघते. ते जाळले तर चार किलोच्या आसपास राख राहते. आणि त्या राखेत शेकडा ८५ ते ९५ भाग सिलिका असते. सन २०१५ मध्ये गुडइयर ह्या अमेरिकन कंपनीने तुसाच्या राखेतील सिलिका आपल्या मोटारींच्या धावांत वापरणार असल्याचे जाहीर केले. आमच्याकडे ह्याच राखेने भांडी घासतात. त्यात कमीपणा काही नाही, कारण भांडी लखलखीत होतात. पण आमच्या वर्गातील एखाद्या मुलाने पुढे जाऊन विसरवाडीच्या तुसातून अशी सिलिका काढली तर आम्हांस केवढा आनंद होईल!

तो जो कोणी निघेल त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तूस पाचशे ते सातशे अंशांच्या दरम्यान जपून जाळले तर सिलिका अस्फटिक राहते. त्याहून फार तापविले तर ती स्फटिकरूप होऊ लागते, आणि स्फटिकरूप सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली तर परत निघत नाही. ही ऐकीव भीती नव्हे. नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर, झाबुआ भागांतील आदिवासी मजूर गुजराथेत गोधऱ्याकडे गारेचे दगड दळण्याच्या कारखान्यांत कामास गेले, आणि त्यांपैकी पुष्कळ सिलिकोसिस ह्या रोगाने खोकून खोकून तरुणपणीच मेले. मृतांच्या वारसांस भरपाई द्यावी म्हणून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व सन २०१६ मध्ये तसा हुकूम झाला. ते मजूर आमच्यासारखेच, आमच्याच डोंगरांच्या रांगांतले. आमच्या गावचेही कित्येक जण दर साली ऊसतोडीस व इतर कामांस गुजराथेत जातात. जी सिलिका लेपात बद्ध असता घर राखते, ती सुटी होऊन हवेत उडाली असता घर बसविते. लेप घासताना अथवा राख चाळताना तोंडास ओला फडका बांधावा, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आता भिंतीकडे वळू. आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे असे की, डब्यातील पापुद्रा धरणाऱ्या लेपाऐवजी मातीच्या छिद्रांत मुरणारे, पण ती न बुजविणारे सिलेन जातीचे द्रव्य मिळते. ते थेंबास अडविते व वाफेस जाऊ देते. परंतु ज्या भिंतीचे पाय पाण्यात आहेत, तिच्या अंगास काहीही फासले तरी व्यर्थ, हेही त्यानेच स्पष्ट सांगितले. आईचे म्हणणे ह्याहून निराळे नव्हते; तिने फक्त 'वाफ' न म्हणता 'घाम' म्हटले होते. तेव्हा आम्ही प्रथम वळचण हातभर पुढे काढिली. त्यासाठी जास्तीची मंगळुरी कौले आणावी लागली. ही कौले प्रथम मंगळूर येथे बासेल मिशनच्या कारखान्यात सन १८६५ पासून होऊ लागली, आणि त्या मिशनरी मंडळींनी नुसते उपदेश न करता लोकांच्या डोक्यावर छप्परही दिले, ह्याचे स्मरण कौले चढविताना आम्हांस झाले. नंतर जोत्याभोवती चर खणून पाण्यास वाट दिली, आणि जोत्याचा खालचा हातभर भाग दगडात बांधून सांधे चुन्यात तुसाची बारीक राख मिसळून भरले. चुना व अशी राख ह्यांचा संयोग होऊन ते ओलीतही घट्ट होते. येथे सिलिका पुन्हा उपयोगी पडली.

भिंत मात्र आईच्या पद्धतीनेच केली. माती आम्ही तुडविली, आणि तूस किती घालावयाचे ते तिने मुठीने मोजून दिले. मूठ म्हणजे किती ग्रॅम, असे आम्ही विचारले असता तिने आपली मूठ आमच्यापुढे धरिली. कणगी आता चुलीच्या बाजूच्या भिंतीशी ठेविली आहे. एक पावसाळा गेला. पश्चिमेची भिंत ओली झाली, वाळली, खालच्या एका कोपऱ्यात थोडी झडली, आणि तो कोपरा आम्ही लिंपून घेतला. एका पावसावरून आम्ही काही सिद्ध झाले असे म्हणत नाही.

डब्यात तळाशी थोडा रंग उरला होता. तो, मागील मजकूर ह्या वेळी तीनदा वाचून, भर उन्हाळ्यात सुकलेल्या सिमेंटच्या मोरीच्या कट्ट्यावर दिला. तेथे तो फार उत्तम बसला. पाऊस आला म्हणजे कट्ट्यावर आणि पलीकडच्या अळूवर दोहोंकडे सारखेच मोती दिसतात, आणि आमच्या घरातील लहान मुले कोणाचे मोती आधी पळतात म्हणून पैज लावितात. आजवर अळूच जिंकत आले आहे. रिकामा डबा आईने धुऊन ठेविला असून त्यात ती भांड्यांसाठी तुसाची राख भरते.